भजनी मंडळात पेटी वाजवतो. विजय अय्यर यांच्यासारखा जॅझ पियानो वाजवायचा तर सुरुवात कुठून करू?

भाऊ, दारव्ह्याजवळच्या गावात राहता, बी.एस्सी. सोडून यातच पडावं का, असंही विचारलंय. पहिले अय्यर यांचाच हिशेब पाहा. जन्म १९७१चा, अमेरिकेतला. पंधरा वर्षं शिकले ते व्हायोलिन; पियानो बराचसा स्वतःच, कानानं. येलमधून गणित-भौतिकशास्त्राची पदवी, १९९८ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतून पीएच.डी. पहिला अल्बम १९९५चा आणि मॅकआर्थर फेलोशिप (अमेरिकेतला मोठा सन्मान) २०१३ची. मधली अठरा वर्षं मोजा. डिग्री सोडू नका. नुसत्या जॅझवर घर चालवणारे मुंबईतही थोडेच. शिकवण्या, स्टुडिओ, ऑर्केस्ट्रा यांची जोड लागतेच.

आता हाताचं. पेटीवाल्याचा उजवा हात तयार असतो, डावा भाता मारण्यात गेलेला. जॅझमध्ये नेमका डावाच कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) धरतो. पांढरी १ पट्टी (म्हणजे C ला सा) घ्या, डाव्या हातानं मधल्या सा च्या आसपास हे तीन कॉर्ड धरा:

म ध सा ग
म ध नी ग
ग प नी रे

पहिल्या कॉर्डमध्ये म-ध मंद्रातले, दुसऱ्यात नी सुद्धा, तिसऱ्यात ग-प-नी तिन्ही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एकच बोट हलतं: सा वरून नी वर. तिसऱ्यात जाताना नी जागेवरच राहतो, बाकीचे तिघं एकेक पायरी उतरतात. जॅझची बरीच गाणी या चालीवर फिरतात.

यांत मूळ स्वर (अनुक्रमे रे, प, सा) मुद्दाम वगळलेत, ते खर्जातले स्वर वाजवणाऱ्या बासवाल्याचं काम. एकट्यानं वाजवलं तर पहिला कॉर्ड म चा मेजर वाटेल आणि कान फसेल. म्हणून फोनमध्ये खर्जात रे चार मात्रा, प चार, सा आठ असं रेकॉर्ड करून त्यावर वाजवा. फार खाली नेलं की कॉर्ड गढूळ होतो. आठवड्याला एक पट्टी धरली तर बारा पट्ट्यांना तीन महिने. बरेच जण मध्येच कंटाळतात, आणि कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण (पट्टी आपोआप बदलणारं) दाबतात. त्याला हात लावू नका.

लयीसाठी तोंडानं 'तकिट तकिट' म्हणा. त आणि ट वाजवा, कि गिळा. हा स्विंग, जॅझची झुलती लय. लय चढली की तो सपाट होत जातो. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६०वर ठेवून त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजा, म्हणजे लय झाली १२०. समेवर जोर द्यायची भजनाची सवय ठोक्याला नकळत पहिलीवर ओढते. ओढला की थांबून पुन्हा धरा.

ऐकायला 'तीर्थ' हा अल्बम (२०११) घ्या. त्यात अय्यर यांच्यासोबत प्रसन्ना यांची गिटार आणि नितीन मित्ता यांचा तबला आहे, तुमच्या कानाला धरायला काहीतरी सापडेल.

कीबोर्ड किमान ६१ कीजचा, आणि टच असलेलाच. बिनटचचा म्हणजे भाता नसलेली पेटी. हळू-जोरात काही कळत नाही. सेलवर चालणारा असेल तर लाइन गेली तरी रियाज थांबत नाही. अडॅप्टर बाजारातून घेताना व्होल्टेजसोबत पिनच्या आतलं प्लस की मायनस तेही मागच्या चित्राशी जुळवा; कंपनीगणिक ते उलटं असतं, आणि उलटं लागलं तर बोर्ड जळतो.