आंबोलीच्या दरीपलीकडे लेसरने बॅकहॉल चालेल का?

तुमचा प्रश्न असा की आंबोलीजवळच्या मोबाइल टॉवरपर्यंत फायबर पोचत नाही, फायबर असलेला टॉवर दरीपलीकडे ३ किलोमीटरवर स्वच्छ दिसतो, मग टॉवरचा डेटा मुख्य नेटवर्कपर्यंत न्यायला (यालाच बॅकहॉल म्हणतात) काँगो नदीवर चालली तशी, हवेतून प्रकाशाने डेटा नेणारी लेसर लिंक इथल्या पावसात टिकेल का?

स्वच्छ दिसतो हे खरं, पण कोणत्या महिन्यात पाहिलंत?

आधी काँगोचं बघू. ब्राझाव्हिल आणि किन्शासा समोरासमोर आहेत, मधे नदी. फायबर न्यायचं तर सुमारे ४०० किलोमीटरचा वळसा. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटच्या 'तारा' प्रकल्पाने २०२१ मध्ये ४.८ किलोमीटरची लिंक लावली, २० गिगाबिटपर्यंत वेग, आणि २० दिवसांत जवळपास ७०० टेराबाइट डेटा वाहून नेला. उपलब्धता ९९.९ टक्के. आकडे भारी आहेत. पण धुक्याच्या सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी आपली यंत्रणा आदर्श ठरणार नाही, हेही त्याच मंडळींनी सांगून टाकलं होतं. बातम्यांमध्ये ते वाक्य कुणी छापत नाही.

पावसाचा थेंब मिलिमीटरच्या हिशेबातला असतो. धुक्याचा कण काही मायक्रॉनचा, म्हणजे १५५० नॅनोमीटरच्या लेसरच्या तरंगलांबीच्या आसपासचा, आणि संख्येने अफाट. त्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरतो. तासाला २५ मिमीचा पाऊस किलोमीटरमागे साधारण १० डीबी (डेसिबल) खातो, म्हणजे सिग्नल एक दशांशावर येतो. ३ किलोमीटरला ३० डीबी, चांगल्या लिंकच्या मार्जिनमध्ये, म्हणजे ती सोसू शकते त्या घटीत, कसंबसं बसेल. पण दृश्यता १५० मीटरवर आली की किलोमीटरमागेच १०० डीबीच्या आसपास जातात. तिथे लेसरची ताकद वाढवून काही होत नाही. आंबोलीत जुलैमध्ये जे उतरतं ते तर धुकंही नव्हे, सरळ ढगच.

गंमत म्हणजे ७०-८० गिगाहर्ट्झच्या ई-बँडचं उलटं आहे. त्याला धुकं जवळपास जाणवत नाही, पण पाऊस चांगलाच झोडपतो. म्हणून सपाटीवर लेसर आणि ई-बँडची जोडी छान जमते. घाटात मात्र पाऊस आणि ढग एकदमच येतात, दोघंही एकाच वेळी झोपतात. तिथे आधाराला १५ गिगाहर्ट्झची जुनी मायक्रोवेव्ह ठेवावीच लागते. २८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका चॅनेलवर २०० मेगाबिटच्या आसपासच मिळेल, पण कॉल चालू राहतील.

दुसरी अडचण टॉवरची. १५ गिगाहर्ट्झच्या दोन फुटी डिशचा बीम दोनेक अंशांचा असतो. लेसरचा एका अंशाच्या सतराव्या हिस्स्याइतका, कधी त्याहून बारीक. वाऱ्यात लॅटिस (लोखंडी जाळीचा) टॉवर पिळला की तो बीम निसटणार. ऑटो-ट्रॅकिंग (बीम आपोआप नेमका धरून ठेवणारी सोय) नसलेलं युनिट टॉवरवर लावूच नका. याचा धडा मी मुंबईत शिकलो. दोन गच्च्यांमध्ये ७०० मीटरची लिंक होती, रोज दुपारी पडायची, संध्याकाळी आपोआप उभी राहायची. आठवडाभर आम्ही लेन्स पुसत बसलो. शेवटी कळलं की युनिट पाण्याच्या टाकीवरच्या लोखंडी फ्रेमला बसवलंय आणि ती उन्हाने तापून वाकतेय. काँक्रीटच्या खांबावर हलवलं, प्रश्न मिटला.

स्पेक्ट्रमचे पैसे लागत नाहीत हा फायदा खरा. रेडिओलहरींची व्याख्या ३००० गिगाहर्ट्झला संपते, लेसर त्याच्या कितीतरी वर. कोकणात खाडीच्या दोन काठांवर टॉवर असतील तर मी हे बिनदिक्कत सुचवेन.

तुमच्या साइटसाठी मात्र खरेदीआधी एक स्वस्त काम करा. टॉवरवर साधा कॅमेरा पलीकडच्या टॉवरकडे रोखून लावा, जून ते सप्टेंबर दर दहा मिनिटांनी एक फोटो. रात्रीसाठी पलीकडे एक दिवा. ज्या फोटोत समोरचा टॉवर दिसत नाही, त्या दहा मिनिटांत लिंक बंद धरा आणि बेरीज करा. व्हेंडरने ९९.९ लिहून दिलं असेल तर लक्षात ठेवा, त्या हिशेबात अख्ख्या वर्षात पावणेनऊ तासच बंद राहायची मुभा आहे. जुलैतला एक वाईट दिवस ती खाऊन टाकेल.