जिप्सीत बलेनोचं 1.6 : जुनं काय ठेवायचं, काय नाही

तुमची 2003ची एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारी) जिप्सी आहे, तिचं 1.3 लिटरचं इंजिन काढून जुन्या बलेनो सेडानचं 1.6 बसवायचंय आणि जुन्या इंजिनचे जास्तीत जास्त पार्ट वापरून पैसे वाचवायचेत, असं तुम्ही लिहिलंय. बरेच वाचतात. पण कुठे हात आखडायचा नाही ते आधी सांगतो.

दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच जी घराण्यातली. तुमचं जी13बीबी 1298 सीसीचं, बलेनोचं जी16बी 1590 सीसीचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74चा 75 मिमी होतो, पण स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 75.5वरून थेट 90 मिमीवर जातो. त्यामुळे ब्लॉक उंच आहे. बेल हाउसिंगचे (इंजिनला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाचे) बोल्ट जुळतात, म्हणून गिअरबॉक्स तुमचाच राहील. फाउंडेशनचे (इंजिन चासीवर धरणारे) ब्रॅकेटही जिप्सीचेच लावा.

ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) आणि आतला स्ट्रेनर (ऑइल ओढणारी जाळी) मात्र जिप्सीचाच हवा. बलेनोत इंजिन आडवं बसतं, तिचा चेंबर जिप्सीच्या पुढच्या डिफरन्शिअलला विचारात घेऊन केलेलाच नाही. चेंबर बदलला की डिपस्टिकची खूण खरी धरू नका. मोजून ऑइल भरा आणि नवी खूण करा.

हेडची घडण दोन्हींची सारखीच, म्हणून जिप्सीचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारे पाइप) चालतो. पण टायमिंग बेल्ट आणि हेड गॅस्केट 1.6चंच, तेही नवं. फ्लायव्हील ज्या क्रँकचं त्यालाच ठेवा आणि सेल्फचे (स्टार्टर मोटरचे) दात जुळतात का ते इंजिन खाली असतानाच बघा. क्लचप्लेट जुनी लावू नका, टॉर्क 103वरून 130 न्यूटन-मीटरवर जातोय.

आता ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर. इथेच मी चुकलो होतो. मेकॅनिक म्हणाला, प्लग जुळतात, जुनाच चालेल, आणि गाडी चालूही झाली. कसारा घाटात लोड आल्यावर नॉकिंग (इंजिनातून टकटक) सुरू झालं, टेम्परेचरचा काटा वर चढला. स्पार्क प्लग काढून पाहिले तर पांढरेफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. हा ईसीयू हवा मोजत नाही. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज 1298 सीसीचा असतो. 1590 सीसी त्याहून सुमारे 22 टक्के जास्त हवा ओढतं, पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबाने पडतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सावकाश चालवताना थोडं सांभाळून घेतो, फुल थ्रॉटलला नाही. म्हणून ईसीयू, इंजेक्टर आणि वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) बलेनोचंच, एकाच गाडीतून काढलेलं घ्या. हार्नेस कापून आणलेला असेल तर घेऊच नका.

रेडिएटर जाड कोअरचा टाका. ब्लॉकच्या उंचीमुळे एक्झॉस्ट वर सरकतो, सायलेन्सरचा पुढचा पाइप नव्याने करावा लागेल. बॉनेट पहिल्यांदा लावताना इंजिनवर ओल्या मातीचे गोळे ठेवा, किती जागा उरते ते कळेल.

आणि इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा. आरसीवर इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही असतात, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याच बदलांबद्दल आहे. परवानगी नसताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. ज्याचं इंजिन आहे त्या बलेनोची कागदपत्रंही विक्रेत्याकडून मागून घ्या.