घरी बनवलेली स्टाउट ड्राफ्टवर प्यायची आहे. नायट्रोचा सेटअप घ्यावा की साधा सीओटूचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, घरी बिअर बनवता, बाटल्या धुऊन आणि भरून कंटाळलात. हाताशी 5 गॅलनचा एक केग (बिअरचं धातूचं पिंप) आणि एक जुना फ्रिज आहे, आणि आयरिश पबात मिळते तशी सायीसारख्या फेसाची स्टाउट, म्हणजे काळी बिअर, घरच्या तोटीतून हवी आहे. खर्च मात्र बेताचा.

मी मिशिगनमध्ये बेसमेंटात हाच उद्योग करतो. नको त्या क्रमाने खरेदी करून शिकलोय, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. केग एकच आणि तोटीही एकच असेल, तर आत्ता साधा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) घ्या. नायट्रो, म्हणजे नायट्रोजन मिसळलेला गॅस आणि त्याची खास तोटी, तेव्हाच, जेव्हा वर्षातून तीन-चारदा तरी तुम्ही ड्राय स्टाउट बनवणार असाल, म्हणजे चार-साडेचार टक्के अल्कोहोलची, भाजलेल्या जवाची, कडसर आणि अंगाने हलकी.

कारण स्टाउटची तोटी दुसऱ्या कुठल्या बिअरला चालत नाही. तिच्या आत एक चकती असते आणि त्या चकतीला सुईच्या टोकाएवढी भोकं, बहुतेक वेळा पाच. 30-35 पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) दाबाने बिअर त्यांतून पिचकारीसारखी सुटते, दाब एकदम कोसळतो आणि आत कसाबसा कोंबलेला नायट्रोजन बारीक बुडबुड्यांनी बाहेर पडतो. पाण्यात विरघळायची त्याला मुळात हौसच नाही. म्हणून सीओटूचे बुडबुडे एकमेकांना गिळत मोठे होतात आणि फुटतात, तर नायट्रोजनचे तसेच बारीक राहतात. लोणी यायच्या आधी रवीवर जो दाट फेस चढतो ना, तसा. पण त्याच तोटीतून नेहमीची फसफसणारी पेल एल सोडलीत तर पेलाभर नुसता फेस मिळेल. एकच तोटी असलेल्या घरात हा मोठा जाच होतो.

ही सगळी भानगड गिनेस या आयरिश स्टाउट कंपनीची. 1959 पूर्वी डब्लिनचा बारवाला दोन पिंपांतून पेला भरायचा, एकात जोरात फसफसणारी ताजी बिअर आणि दुसऱ्यात गॅस उतरून निवलेली. कंपनीतल्या मायकेल अ‍ॅश या गणितज्ञाने नायट्रोजन वापरून तोच परिणाम एका केगमध्ये बसवला. कॅनमधलं विजेट (नायट्रोजन सोडून फेस काढणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा) त्यानंतर खूप उशिरा, 1988 मध्ये आलं.

आता गॅस. शुद्ध सीओटू 35 पीएसआयवर लावला तर बिअर सोड्यासारखी होईल. म्हणून मिश्रण घेतात, 75 टक्के नायट्रोजन आणि 25 टक्के सीओटू. हिशेब सोपा आहे. गेजवरचे 35 आणि हवेचे 14.7 मिळून साधारण 50. त्याचा पाव हिस्सा सीओटूचा, म्हणजे साडेबारा. फ्रिजच्या तीन-चार अंश सेल्सिअसला एवढ्या दाबाखाली बिअरमध्ये सीओटू राहतो साधारण 1.2 व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या 1.2 पट गॅस. नेहमीच्या बिअरमध्ये तो अडीचच्या आसपास असतो. म्हणजे स्टाउट जवळजवळ निवलेली हवी आणि ढकलणारा दाब मात्र जबरदस्त हवा. हे दोन्ही एकाच सिलिंडरने साधतं, म्हणून ते प्रमाण.

मी इथेच आपटलो. पहिली स्टाउट सवयीने आठवडाभर 12 पीएसआय सीओटूवर ठेवली, मग ऐटीत नवी तोटी लावली आणि मित्रांना बोलावलं. चार पेले, चारही काठोकाठ फेस, खाली दोन बोटं बिअर. मला वाटलं तोटी खराब निघाली. तोटी बरोबर होती, बिअरमध्ये सीओटू दुप्पट होता. दुसऱ्या दिवशी गॅस काढून केगचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब सोडायची झडप) दर दोन-तीन तासांनी उघडत बसलो, तेव्हा ती ताळ्यावर आली. आता आंबवणं संपलं की सरळ मिश्रणावरच लावतो, 35 पीएसआय, आणि आठवडा-दहा दिवस हात लावत नाही.

गॅस कुठून भरायचा हे तोटी घेण्याआधी बघा. वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडे सहसा मिळतो, पण काउंटरवर नुसतं '75-25 द्या' म्हणू नका. वेल्डिंगवाल्यांच्या भाषेत 75-25 म्हणजे आर्गॉन आणि सीओटू! माझ्या हातात तोच सिलिंडर ठेवला होता. गंमत अशी की त्याचं फिटिंगही नायट्रोजनसारखंच, सीजीए 580 (सिलिंडरच्या जोडणीचा अमेरिकी क्रमांक), त्यामुळे घरी येऊन रेग्युलेटर मुकाट्याने बसलाही असता. लेबल वाचलं म्हणून वाचलो. 'बिअर गॅस, 75 नायट्रोजन' असं स्पष्ट सांगा, आणि ते तुमचा सिलिंडर भरून देतात की बदलून देतात तेही फोनवरच विचारा. बदलून देत असतील तर नवाकोरा चकचकीत सिलिंडर घेण्यात अर्थ नाही, पहिल्याच फेरीत तो जाईल आणि ओरखड्यांचा जुना घरी येईल.

रेग्युलेटर वेगळाच लागतो. सीओटूचं फिटिंग सीजीए 320, त्यात वायसर घालावा लागतो. 580 मध्ये धातूवर धातू बसतो, वायसर नसतो. मी सवयीने घातला आणि रात्रभर गॅस सुसू करत गेला. कुणी अडॅप्टर लावून सीओटूचा रेग्युलेटर चालवायला सांगेल, ते ऐकू नका. मिश्रणाच्या भरलेल्या सिलिंडरात दाब 2000 पीएसआयच्या घरात असतो, सीओटूच्या बाटलीत खोलीच्या तापमानाला 800च्या आसपास. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा आणि बेसमेंटची खिडकी अधूनमधून उघडा, कारण नायट्रोजन गळला तर वासही येत नाही. आणखी एक, हे मिश्रण बाटलीत द्रवरूप होत नाही, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या सीओटूपेक्षा खूप लवकर संपतं. माझ्या 20 घनफुटांच्या बाटलीवर पाच-सहा केग निघतात.

एवढं वाचून हात आखडला असेल, तर एक स्वस्त प्रयोग सांगतो. मुलांना औषध पाजायची प्लास्टिकची सिरिंज घ्या, सुई नसलेली. माझ्याकडे मुलगी लहान असतानाची खणात पडून होती. स्टाउट थंड असू द्या, पेल्यात ओता, थोडा गॅस उडू द्या, सिरिंजमध्ये पाच-दहा मिलिलिटर ओढा आणि जोराने परत त्याच पेल्यात मारा. पेला क्षणभर गढुळतो, मग खालून वर काळं निवळत जातं आणि वर दाट फेस बसतो. दाबाचा तोच खेळ, फक्त नायट्रोजनशिवाय. शेजारी तीच बिअर न मारलेली ठेवा आणि दोन्ही पिऊन बघा.

हा प्रयोग मी माझ्या स्टाउटवर केला. ड्राय स्टाउट सुधारली, ओट्सवाली थोडी सुधारली. नऊ टक्क्यांची इम्पीरियल मात्र बिघडली. तिचा कॉफी-चॉकलेटचा ठसका बुडबुड्यांच्या टोचण्यावर उभा असतो, तो गेला की ती काकवीसारखी जड लागते. हॉप्सचा वासही दाट फेसाखाली दबतो. तुम्हाला ड्राय स्टाउट फसफसणारी, तरतरीतच आवडते, हेही कदाचित कळेल. तसं झालं तर काही शे डॉलर वाचले.

सीओटूच घ्यायचं ठरलं तर फार विचार नको. 5 पौंडांची बाटली, साधा रेग्युलेटर, आतून 3/16 इंचाची दहा फूट नळी आणि स्टेनलेसची साधी तोटी. स्टाउटसाठी दाब सहा-सात पीएसआयवर आणा, 12 वर नको. फेस हवा तर तो कृतीतून काढा: धान्यात सुमारे 20 टक्के फ्लेक्ड बार्ली (चपटं केलेलं जव) घाला. नायट्रोशिवाय पेल्यावर निम्मी लढाई तीच जिंकून देते. तोटी निवडताना एवढंच बघा की पुढचं तोंड काढून स्टाउटचं तोंड बसवता येतं का. तशा तोट्या मिळतात, मग पुढे नायट्रो घेतलात तरी आजचे पैसे फुकट जात नाहीत.

फ्रिजला भोक पाडणार असाल तर दारातून पाडा. बाजूच्या पत्र्यामागे गॅसच्या नळ्या असू शकतात.

पुण्या-मुंबईहून वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं इकडचं. अमेरिकेत 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केल्यापासून दोन प्रौढांच्या घराला केंद्राच्या कायद्याने वर्षाला 200 गॅलन बनवता येतात, फक्त विकता येत नाहीत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही.

आणि नायट्रो घेतलंतच, तर दर केगनंतर तोटी उघडून ती चकती काढा. बिअरची साखर वाळून एखादं भोक बुजलं की धार वाकडी येते आणि माणूस उगाच दाब वाढवत बसतो. कोमट पाण्यात भिजवा, मग दिव्यासमोर धरून भोकं मोजा. पाच दिसली पाहिजेत.