सोलापुरात मिळणाऱ्या सफरचंदांपैकी सूज कमी करणारी द्रव्यं कशात जास्त? आईचे गुडघे सुजतात.

गडद लाल डेलिशिअस घ्या आणि सालीसकट द्या. खरं तर जातीपेक्षा सालच महत्त्वाची! क्वेर्सेटिन हे दाह कमी करणारं मानलं जाणारं वनस्पतिद्रव्य जवळजवळ सगळं सालीतच असतं, तसंच अर्सोलिक आम्लही तिथंच. लाल रंगाची अँथोसायनिन्स हिरव्या ग्रॅनी स्मिथमध्ये नसल्यात जमा. तरी क्वेर्सेटिन आणि प्रोसायनिडिन्स (अशीच आणखी काही वनस्पतिद्रव्यं) त्यातही असतात, त्यामुळे ते आवडत असेल तर खुशाल घ्या. गाळलेल्या रसात मात्र यातलं बरंच उरत नाही. मेण लावलेलं फळ कोमट पाण्यात चोळून धुवा, पण साल काढू नका.

एक स्पष्ट सांगते: दाह कमी होण्याचे बरेचसे पुरावे पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतले आहेत. आईंच्या गोळ्या सफरचंदाच्या भरवशावर बंद करू नका, सूज टिकत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि सोलापुरात राहून नुसतं सफरचंदच का? सांगोला-मंगळवेढ्याचं डाळिंब आपल्या दारात आहे. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथं केगावलाच आहे. डाळिंबात प्युनिकॅलॅजिन नावाचं असंच एक वनस्पतिद्रव्य असतं, ते सफरचंदात नाही. मधुमेह असेल तर दोन्हींचं प्रमाण आधी विचारून घ्या.