आधी हे सांगा, अर्जाची पोच घेतलीत का? (पचमढीला स्काउट पथक घेऊन निघालेल्या सरांसाठी)

सर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. २४ मुलं, सातवी-आठवीची, मे महिन्यात मध्य प्रदेशातल्या पचमढीचा साहसाचा कॅम्प, स्काउट पथक घेऊन जिल्ह्याबाहेर जायची तुमची पहिलीच वेळ, परवानगीचा प्रस्ताव महिन्यापूर्वी वरच्या ऑफिसला दिलाय आणि तिथले क्लार्क म्हणतायत "होऊन जाईल सर, काळजी करू नका". तुम्ही विचारलंय काय, तर बूट कुठले घ्यावेत आणि सॅक किती लिटरची. परवानगीचं एका ओळीत उरकलंय. बुटांचं खाली सांगतो, पण ते "होऊन जाईल" वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण हेच शब्द मी २०१८ मध्ये सलग तीन महिने ऐकले होते.

आधीच सांगतो, मी कुणी अधिकारी नाही, वकील तर नाहीच. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवत शिकवत पथक चालवलं, एवढीच माझी लायकी. प्रत्येक जिल्ह्याची पद्धत वेगळी असते, फॉरमॅट बदलतात, त्यामुळे माझं ऐका पण तुमच्या जिल्हा संघटकांना विचारूनच करा.

गणवेश, स्कार्फ, संमतीपत्रं, डॉक्टरचा दाखला, विमा हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, बेसिक कोर्स केलाय म्हणताय, त्यामुळे ते सोडतो.

तर २०१८. आमचा नंबर लागला होता पचमढीच्या नॅशनल अ‍ॅडव्हेंचर इन्स्टिट्यूटच्या (भारत स्काउट्स अँड गाईड्सची साहस संस्था) कॅम्पला, मे महिन्यातली बॅच. मुलं २६. जानेवारीत मी प्रस्ताव तयार केला, काय सुंदर फाईल केली होती राव, हिरवी टॅग लावून, शाळा समितीचा ठराव, प्रवासाचा कार्यक्रम, २६ पालकांची संमतीपत्रं, २६ डॉक्टरी दाखले. सगळं ओरिजिनल. झेरॉक्स एकाचीही नाही, कारण मला वाटलं ओरिजिनल दिलं की काम लवकर होतं. ऑफिसचं नाव घेत नाही, आता तिथली माणसं बदललीत आणि मला कुणाच्या वाटेला जायचं नाही. क्लार्क भला माणूस होता, बसा म्हणाला, चहा मागवला. फाईल घेतली, टेबलावरच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि पंख्याने कागद उडायला लागले म्हणून तिच्यावर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं! म्हटलं, चला, फाईल जागेवर पोचली. नमस्कार करून निघालो, येताना वडापाव खाल्ला.

पोच घेतली नाही.

मागायला लाज वाटली हे खरं कारण. चहा पाजणाऱ्या माणसाकडे शिक्का काय मागायचा, त्याला वाटेल विश्वास नाही. हा जो संकोच आहे ना आपला मास्तरांचा, त्याने माझे किती पैसे गेले ते खाली येईलच.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी फोन. "साहेबांच्या टेबलावर आहे." "साहेब मिटिंगला गेलेत." "मार्च एंड आहे सर, एप्रिलमध्ये या." आणि दर वेळी शेवटी "होऊन जाईल". मी त्या भरवशावर तिकिटंही काढून बसलो होतो, तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. एप्रिलच्या मध्यावर प्रत्यक्ष गेलो तर ते क्लार्क लांबच्या रजेवर, त्यांच्या खुर्चीत नवीन मॅडम. त्यांनी शांतपणे आवक रजिस्टर काढलं, जानेवारीची पानं उघडली आणि प्रत्येक ओळीवरून पेनाचं टोक फिरवत खाली आल्या. एक पान, दुसरं पान, तिसरं. मी उलट्या बाजूने वाचत होतो, आमच्या शाळेचं नाव कुठे दिसतंय का. नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "सर, पोच आहे का तुमच्याकडे?" म्हटलं नाही. "मग मी काय करू सांगा?"

आणि त्यांचं बरोबर होतं हो. राग त्यांच्यावर काढला मी त्या दिवशी, पण बरोबर त्यांचंच होतं. कागद आल्याची नोंद नाही, माझ्या हातात पुरावा नाही, म्हणजे तो कागद सरकारी भाषेत जन्मलाच नाही.

परत पहिल्यापासून सगळं. आता विचार करा, एप्रिलचा शेवट, परीक्षा संपलेल्या, निम्मी मुलं मामाच्या गावाला, लग्नसराई जोरात, एकाचे वडील ट्रकवर ते कुठे आंध्रात, सही कोण करणार? डॉक्टरने दाखल्याचे पैसे पुन्हा घेतले (घेतलेच पाहिजेत, त्याची काय चूक). काही पालक तर म्हणाले, एकदा सही दिली ना सर, परत कशाला, काही गडबड आहे का? एकदा ही शंका आली की आई मुलाला सोडत नाही. २६ ची झाली १७. परवानगीचं पत्र आम्ही गावाहून निघायच्या तीन दिवस आधी हातात पडलं. नऊ तिकिटं रद्द केली, कापलेले पैसे मी भरले, कारण पालकांकडे कोणत्या तोंडाने मागणार. तेव्हा बायकोला खरा आकडा सांगितला नव्हता, अजूनही सांगितलेला नाही.

पैशाचं सोडा. त्या नऊ जणांत माझा एक पेट्रोल लीडर, म्हणजे पथकातल्या एका टोळीचा नायक, होता. (पेट्रोल लीडर म्हटल्यावर त्याच्या आजीने मला विचारलं होतं, याला पंपावर लावताय का.) त्याने लाठी स्वतः तासून, तेल पाजून, वर फूट-इंचाच्या खुणा करून तयार ठेवली होती, नदीची रुंदी मोजायची म्हणून. आता तो पुण्यात नोकरीला आहे, गावी आला की भेटतो आणि हसत हसत म्हणतो, सर, आमची पचमढी राहिली. हसतच म्हणतो, पण मला लागतं ते.

फाईल सापडली, बरं का. जुलैमध्ये, क्रीडा स्पर्धांच्या गठ्ठ्यात. वरच्या कव्हरवर डब्याचा तेलकट गोल तसाच होता.

तर माझं मत सांगतो, कुणाला टोकाचं वाटेल. प्रस्तावाच्या दोन प्रती करा, एक त्यांची, एक तुमची. तुमच्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, गोल शिक्का आणि सही घेतल्याशिवाय त्या टेबलासमोरून उठू नका, चहा दिला तर चहा प्या आणि मग शिक्का मागा. नाहीच दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. ओरिजिनल संमतीपत्रं स्वतःकडे ठेवायची, प्रस्तावाला झेरॉक्स जोडायच्या, ते ओरिजिनल मागतील तेव्हा "बघायला आणलेत, परत नेतो" म्हणायचं. प्रवासात तसाही एक सेट तुमच्याजवळ लागतोच, देव न करो पण एखाद्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोणत्या गोळीची अ‍ॅलर्जी आहे ते त्या कागदावरच असतं.

दुसरं, महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे, लोक दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. कर्मचाऱ्याकडे फाईल सामान्यपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये असं त्यात आहे. तुमच्या ऑफिसला तो नेमका कसा लागू होतो ते जाणकाराला विचारा, आणि भांडायला वापरू नका, नुसता विषय काढा. पण त्यासाठीही फाईल त्यांच्याकडे आली होती हे आधी सिद्ध करावं लागतं, म्हणजे फिरून परत पोच.

आणि जे सीनियर लोक तुम्हाला सांगतायत ना की "निघा, परवानगी मागून येते", त्यांचं अजिबात ऐकू नका. मीही ऐकलंय असं, माझ्या देखत लोक गेलेत आणि काही झालं नाही म्हणून शहाणे ठरलेत. दोरावर, पाण्यात मुलं उतरवायचीत आपल्याला. एकाचा पाय मुरगळला तरी पहिला प्रश्न कागदाचा येतो आणि तेव्हा मुख्याध्यापक तुम्हाला ओळखही दाखवत नाहीत. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये इंग्लंडातल्या ब्राउन्सी बेटावर २० मुलं नेली तेव्हा त्याला जावक क्रमांक लागला नसेल, आपल्याला लागतो, काय करणार.

आता रेल्वे, कारण यातही मी एक माती खाल्ली. १२ वर्षांखालच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही, बर्थ हवा तर पूर्ण भाडं, २०१६ पासून हा नियम आहे. मी पैसे वाचवायला सहावीतल्या चौघांची अर्धी तिकिटं काढली, नाशिकरोडची मध्यरात्रीची गाडी, एका बर्थवर दोघं दोघं आणि मी दारापाशी सॅकवर बसून. तुमची सातवी-आठवीची आहेत, तरी एखादा अकरा वर्षांचा असतोच, बघून घ्या. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे १० मेची गाडी असेल तर ११ मार्चला. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळे मोठ्या ग्रुपसाठी स्टेशनवरच्या आरक्षण सुपरवायझरला आधी भेटा. उतरायचं पिपरियाला, तिथून पन्नासेक किलोमीटर घाट, उलट्यांच्या पिशव्या प्रत्येकाच्या खिशात द्या, सॅकमध्ये नको, सॅक टपावर असते. विदर्भातून कुणी वाचत असेल तर त्यांना नागपूर-छिंदवाडा-तामिया रस्ता बरा पडतो, पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला जाणाऱ्यांना तो पाठच असतो.

बूट नवीन घेऊ नका. घेतले तर आत्ता घ्या आणि मुलांना रोज शाळेत घालून यायला सांगा, कॅम्पच्या पहिल्या दिवशी कोरे बूट म्हणजे दुसऱ्या दिवशी फोड. सॅक ४० लिटर पुष्कळ झाली, मोठी घेतली की आई ती भरते. दिवसा ऊन असतं पण रात्री गारवा असतो, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर आहे ते, धूपगड तर १३५२ मीटर, एक स्वेटर लागतोच. खाऊ बाहेर दिसेल असा ठेवू नका, तिथली माकडं चेन उघडतात, ही थट्टा नाही, आमच्या सतराही जणांच्या चकल्या पहिल्याच दुपारी गेल्या. मोबाईल मुलांना देऊ नका आणि पालकांना संध्याकाळी फोन लावून देऊ नका, दिवसभर उड्या मारणारं पोरगं आईचा आवाज ऐकला की सातला रडायला लागतं आणि एक रडला की ओळीने सगळे. फोन करायचाच तर सकाळी, नाश्ता झाल्यावर. यावर आमच्या जिल्ह्यातल्या एका गाईड कॅप्टन (मुलींच्या पथकाच्या प्रमुख) बाईंशी माझा कायम वाद आहे, त्या म्हणतात मन मोकळं होऊ द्यावं. त्यांच्या मुली रडत नसतील. बरं, तुम्ही २४ मुलं लिहिलंय, त्यात मुली आहेत का ते कळलं नाही, असतील तर बाई लीडर सोबत हव्यातच, ऐनवेळी शोधू नका.

दोरावरच्या गोष्टींबद्दल घाबरलात असं वाटतं तुमच्या लिहिण्यावरून. घाबरू नका, तिथले इन्स्ट्रक्टर रोज तेच करतात, आपण फक्त मुलाला ढकलायचं नाही. जो नाही म्हणेल त्याला नाही म्हणू द्या, टाळ्या वाजवून "हो जाएगा, हो जाएगा" करू नका. आमचा एक सातवीतला, वजन जेमतेम तीस किलो, कड्याच्या टोकावर हार्नेस (दोर बांधायचे कमरेचे पट्टे) घालून बसला आणि खाली बघायच्या ऐवजी इन्स्ट्रक्टरला म्हणाला, "गाठ किसने मारी है?" मला वाटलं आता हा ओरडा खाणार. पण त्या माणसाने दोर त्याच्या हातात दिला, म्हणाला देख लो. पोराने आठाच्या गाठीवरून बोट फिरवलं, दोर कुठून आत जातो, कुठून बाहेर येतो, दोन्ही पदर बाजूबाजूने आहेत का, कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवून बघितला, आणि मग एक शब्द न बोलता मागे झुकला आणि गेला खाली. मला जानेवारीत त्या टेबलासमोर हे सुचलं नव्हतं. (मी स्वतः उतरलो नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठीक होता.)

एक राहिलं, पुढे कधी खाजगी कंपनीच्या समर कॅम्पला मुलं न्यायची झाली तर महाराष्ट्राचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का ते विचारा, सर्टिफिकेट दाखवा म्हणा. ब्रोशरवरचे फोटो सगळ्यांचेच छान असतात.

उद्या सोमवार आहे. तुमच्याकडे पोच असेल तर वरचं सगळं विसरा आणि बूट घ्यायला जा. नसेल तर अर्जाच्या दोन प्रती घेऊन सकाळीच ऑफिस गाठा, आधी आवक रजिस्टरला तुमची नोंद आहे का तेवढंच विचारा, आवाज न चढवता, नसेल तर तिथेच नवा अर्ज द्या. आणि शिक्का मारून मिळाला की त्यातली तारीख वाचूनच पायरी उतरा, दुसऱ्या खेपेला मला मिळालेल्या शिक्क्यावर दोन दिवस आधीची तारीख होती, शिक्क्याची तारीख कुणी फिरवलीच नव्हती.