‘लेस एलिजिबिलिटी’ म्हणजे ‘कमी पात्रता’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब-कायद्यावरचा मजकूर मराठीत आणताना ‘लेस एलिजिबिलिटी’च्या तत्त्वाला ‘कमी पात्रतेचे तत्त्व’ म्हणावे का, आणि ‘पॉपर’ला, म्हणजे सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्याला, ‘गरीब’ चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत.

‘पात्रता’ वाचली की डोळ्यांसमोर उत्पन्नाचा दाखला आणि तलाठ्याची सही येते. मूळ मुद्द्याचा त्याच्याशी संबंध नाही. ‘एलिजिबल’च्या मुळाशी ‘निवडणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे आणि त्या काळच्या इंग्रजीत ‘निवडावेसे वाटेल असे’ हा अर्थ चांगलाच रुळलेला होता. आपल्याकडेही लग्नाच्या गप्पांत ‘एलिजिबल बॅचलर’ म्हणतात तो याच अर्थाने. त्या मुलाने कुठली परीक्षा दिलेली नसते, तो फक्त मुलींच्या आईबापांच्या नजरेत भरलेला असतो.

आता या कायद्याआधी नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालातले वाक्य बघा. मदत घेणाऱ्या धडधाकट माणसाची स्थिती ही स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या सर्वांत खालच्या मजुराच्या स्थितीइतकी, खरोखरीच काय पण दिसायलासुद्धा, ‘एलिजिबल’ असता कामा नये, असे ते म्हणते. विशेषण माणसाला लावलेले नाही, स्थितीला लावलेले आहे. स्थितीला कसली पात्रता?

यामागचा राग जुना होता. १७९५ मध्ये पाव महागला तेव्हा बर्कशरमधल्या स्पीनहॅमलंड इथे न्यायाधिकाऱ्यांनी ठरवले की पावाचा भाव आणि घरातली तोंडे पाहून मजुरीतली तूट पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीवर आखलेल्या स्थानिक विभागाच्या, करातून भरून द्यायची. टीकाकार म्हणू लागले, तूट पॅरिश भरणार असेल तर मालक मजुरी वाढवील कशाला? लोकसंख्येवर लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञ माल्थसने १७९८ च्या निबंधात पुढचे पाऊल टाकले: दुसऱ्यावर विसंबलेले दारिद्र्य लाजिरवाणे मानले गेले पाहिजे. अर्थतज्ज्ञ नॅसॉ सीनियर आणि सुधारक एडविन चॅडविक यांनी आयोगाचा अहवाल लिहिला तो याच हवेत. उपाय काय, तर धडधाकटाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसात, म्हणजे कामाच्या बदल्यात गरिबांना ठेवणाऱ्या सरकारी घरात, यावे, जिथे नवरा-बायकोलाही वेगळे ठेवत. मदत मुद्दाम नकोशी करायची होती.

म्हणून मी ‘मदतीपेक्षा मजुरी बरी’ हे तत्त्व, असे सरळ लिहीन. ‘न्यून-स्पृहणीयता’ अचूक आहे, पण वाचणाऱ्याला ठसका लागेल.

‘पॉपर’चे दुखणे अधिक नाजूक. या मंडळींचा सगळा युक्तिवादच गरीब वेगळा आणि पॉपर वेगळा, यावर उभा आहे. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम म्हणे, पोटासाठी राबावे लागणे हे दारिद्र्य, ते जगरहाटीतच आहे. राबूनही भागत नाही किंवा राबताच येत नाही, ती खरी आपत्ती. चॅडविक त्याचाच सचिव होता. राजकीय विचारवंत एडमंड बर्कला तर १७९५ मध्ये ‘लेबरिंग पुअर’ (कष्टकरी गरीब) हा शब्दप्रयोगसुद्धा ढोंगी वाटला. कायद्यापुरता पॉपर म्हणजे पॅरिशच्या मदतीवर जगणारा. सगळ्यांनाच ‘गरीब’ म्हटले की हा भेद पुसतो. ‘भिकारी’ही नको, पॉपर दारोदार हात पसरत नाही, त्याचे नाव वहीत असते.

मी ‘नादार’ सुचवतो. फारसीतला ‘ना’ आणि दुकानदार, जमीनदार यांतला ‘दार’, म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. शब्दाला कचेरीचा वास आहे आणि इथे तोच हवा. कोर्टफी परवडत नसेल त्याचा नादारीचा दावा, फी माफ झालेल्या विद्यार्थ्याची शाळेतली नादारी: दोन्हीकडे कुणीतरी अर्ज तपासून शिक्का मारलेला असतो. आमच्या आजोबांना अशी नादारी होती आणि ते ती अभिमानाने सांगत. माल्थसला ते रुचले नसते.

अडचण एकच. ‘नादारी आणि दिवाळखोरी संहिता’ आल्यापासून हा शब्द कंपन्यांच्या बातम्यांत जास्त दिसतो. तेव्हा पहिल्यांदा वापराल तिथे ‘पॅरिशच्या मदतीवर जगणारा’ असा खुलासा जोडा.