शास्त्रज्ञ, जीव बदलतो तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर एम.एस्सी.चा प्रकल्प करत आहे. पुढे मात्र तिला बुरशीवर संशोधन करायचे आहे. अभ्यासाचा जीव असा मध्येच बदलला, तर आधीचे काम वाया जात नाही का? – एक पालक, सातारा

उत्तर : जीव कोणत्या कारणासाठी बदलला, यावर ते अवलंबून आहे. अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ जॉर्ज बीडल यांचे उदाहरण पाहावे. नेब्रास्कातील एका शेतकरी कुटुंबात १९०३ मध्ये जन्मलेल्या बीडल यांनी कॉर्नेल विद्यापीठात मक्याच्या गुणसूत्रांवर पीएच.डी. केली आणि १९३१ मध्ये ते कॅलिफोर्नियात, फळमाशीच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक टॉमस हंट मॉर्गन यांच्या विभागात जाऊन फळमाशीकडे वळले. जनुक नेमके करते काय, हा प्रश्न त्यांना तेथे भेटला.

१९३५ मध्ये पॅरिसला बोरिस एफ्रुसी यांच्यासह त्यांनी एका अळीतील डोळ्याचा अंकुर दुसऱ्या अळीच्या पोटात रोपला. तिची माशी झाली, तेव्हा तिच्या पोटात एक जादा डोळा तयार झालेला होता. डोळ्यांचा रंग बिघडलेल्या दोन वाणांपैकी एकाचा अंकुर दुसऱ्याच्या शरीरात नेहमीचा गडद रंग धरी, पण उलट अदलाबदल केल्यास तसे होत नसे. यावरून रंगद्रव्य टप्प्याटप्प्याने तयार होते आणि प्रत्येक टप्पा एकेका जनुकावर अवलंबून असतो, असा तर्क निघाला. मात्र ती मधली द्रव्ये ओळखणे अतिशय किचकट ठरले.

तेव्हा स्टॅनफर्डमध्ये बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी डावच उलटवला : ज्या रासायनिक क्रिया आधीच ठाऊक आहेत, त्याच बिघडवायच्या आणि जबाबदार जनुक शोधायचे. त्यासाठी त्यांनी न्यूरोस्पोरा ही बुरशी निवडली. साखर, क्षार आणि बायोटिन हे जीवनसत्त्व एवढ्यावर ती वाढते; शिवाय तिच्यात जनुकांचा एकच संच असल्यामुळे दोष झाकला जात नाही. क्ष-किरणांचा मारा करून मिळवलेल्या वाणांपैकी २९९ क्रमांकाच्या वाणाला ब-६ जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागले; म्हणजे ते स्वतः तयार करण्याची त्याची क्षमता बिघडली होती. हे काम १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९५८ च्या नोबेल पारितोषिकात दोघांना वाटा मिळाला. यातून आलेल्या ‘एक जनुक, एक एन्झाइम’ (एकेक जनुक रासायनिक क्रिया घडवणारे एकेक प्रथिन ठरवते) या सूत्राला पुढे बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागल्या, हा भाग वेगळा.

मक्यावर आणि माशीवर शिकलेला संकरांचा हिशेब त्यांना बुरशीच्या पिशवीत ओळीने बसलेल्या आठ बीजाणूंवर सरळ वापरता आला. म्हणून मुलीला एवढेच विचारावे, की वनस्पतीत न सुटणारा तिचा कोणता प्रश्न बुरशीत सुटेल? केवळ काम लवकर उरकते म्हणून बुरशी निवडणे मला पुरेसे वाटत नाही.

बीडल निवृत्तीनंतर मक्याकडेच परतले. मका तेओसिंते या मेक्सिकोतील रानगवतापासून आला, हे त्यांचे मत १९३९ पासूनचे होते. दोहोंच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतील सुमारे ५०,००० रोपे वाढवल्यावर साधारण पाचशेत एक रोप हुबेहूब मक्यासारखे निघाले आणि पाचशेत एक हुबेहूब तेओसिंतेसारखे. चार जनुकांचा फरक असता, तर हे प्रमाण २५६ मध्ये एक आले असते आणि पाचांचा असता, तर १,०२४ मध्ये एक. त्यामुळे मोठे फरक चार-पाच जनुकांनी घडवले असावेत, असे त्यांनी मांडले.